मदत हवी आहे: डुकराच्या ग्रॅन्युलोसा पेशी, क्यूपीसीआर उलटंच उत्तर देतोय

बाळीवेस:
सोलापुरात एमएस्सी बायोटेकच्या शेवटच्या सेमला आहे. व्हायरस घातल्यावर डुकराच्या अंडाशयातल्या ग्रॅन्युलोसा (अंड्याभोवतीच्या) पेशींत कुठले जीन वर-खाली होतात, हा प्रोजेक्ट. पुण्याच्या लॅबने आरएनए सिक्वेन्सिंग (सगळ्या जीनचा आरएनए एकदम वाचणं) केलं, त्यात इस्ट्रोजेन बनवणाऱ्या एन्झाइमचा जीन अ‍ॅरोमॅटेज निम्म्यावर आलाय. तोच आरएनए ड्राय आइसमध्ये माझ्याकडे आला. मी क्यूपीसीआर (एकेका जीनचा आरएनए मोजायची चाचणी) लावला तर अ‍ॅरोमॅटेज दुप्पट! प्रायमर (हवा तो जीन पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) ठीक आहेत, मेल्ट कर्व्हला एकच शिखर, म्हणजे एकच तुकडा वाढतोय. सोमवारी गाइडना आलेख द्यायचाय. कुठलं खरं धरू? प्लीज लवकर सांगा.

पेशीपुराण:
व्हायरस कुठला? किती तासांनी पेशी काढल्या? मॉक (व्हायरस न घातलेल्या पेशी) कुठल्या वेळचा? नॉर्मलाइज कशाने केलं, म्हणजे तुलनेला स्थिर जीन कुठला धरला? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

जुना_पशुवैद्य:
डुक्कर आणि प्रजनन म्हणजे पीआरआरएस (डुकरांचा प्रजनन आणि श्वसनाचा विषाणूजन्य रोग). भारतात तो २०१३ साली मिझोराममध्ये सापडला. सीडी१६३ हे प्रथिन असलेल्या मॅक्रोफेजमध्ये (रोगजंतू गिळणाऱ्या पेशींत) तो शिरतो. तेव्हा तुमच्या ग्रॅन्युलोसात मॅक्रोफेज मिसळलेत का, ते आधी बघा.

आरभट:
क्यूपीसीआरच्या फंदात पडूच नका. गॅलक्सी या वेबसाइटवर रीड्स (सिक्वेन्सिंगचा कच्चा डेटा) चढवा, जीनचे फरक काढणारा डीईसेक२ प्रोग्रॅम चालवा, फुकट आहे. डिझाइनमध्ये प्राणी हा घटक घाला, नाहीतर एका मादीचा दुसरीशी असलेला फरक व्हायरसच्या नावावर जमा होईल.

बाळीवेस:
रीड्स माझ्याकडे नाहीत हो, फक्त रिपोर्टची एक्सेल आहे.
पीआरआरएस नाही, पार्व्हो. ४८ तास, माझा मॉकही ४८ तासांचा. नॉर्मलाइज जीएपीडीएचने. सीटी (कितव्या सायकलला सिग्नल दिसला; जास्त म्हणजे आरएनए कमी) असे: मॉकला जीएपीडीएच १८, अ‍ॅरोमॅटेज २७. इन्फेक्टेडला २० आणि २८.

माढ्याचा_शेतकरी:
आमच्या कुत्र्याचं पिल्लू पार्व्होनं गेलं. पाच डुकरिणी पण आहेत, त्यांना लागण होईल का? दोन गाभण आहेत.

पेशीपुराण:
आता कळलं. दोन्हीकडे आरएनए सारखाच घेतला होता का? घेतला असेल तर जीएपीडीएच दोन सायकलने मागे सरकलाय, म्हणजे इन्फेक्टेडमध्ये तो चौथाईवर आलाय. अ‍ॅरोमॅटेज एकाच सायकलने मागे, म्हणजे निम्मा. डेल्टा सीटी (दोन सीटींमधला फरक) मॉकला ९, इन्फेक्टेडला ८, म्हणून हिशेब ‘दुप्पट’ म्हणतो. अ‍ॅरोमॅटेज चढलेला नाही, ज्याच्याशी मोजताय तोच जास्त घसरलाय. व्हायरसने पेशीचा कारभार ताब्यात घेतला की हाउसकीपिंग जीनही (जीएपीडीएचसारखे, पेशीत कायम चालू असणारे) जागेवर राहतील याची हमी नाही.

चंचुपात्र:
पंधरा वर्षं जीएपीडीएचच वापरतोय, पेपरही छापून आलेत. उगाच पोरीला घाबरवू नका. फारच वाटलं तर बी२एम हा दुसरा जीन लावा.

पेशीपुराण:
बी२एम? इन्फेक्शनच्या प्रयोगात? तो एमएचसी क्लास वनचा (प्रतिकारशक्तीला व्हायरस दाखवणाऱ्या, पेशीवरच्या प्रथिनाचा) भाग आहे, व्हायरसविरुद्ध पेशी सोडते तो इंटरफेरॉन आला की चढतो! तुमच्या प्रयोगांत व्हायरस नसेल तर जीएपीडीएच चालला असेल, इथे आकडे समोर आहेत. ताई, आरपीएलपी० आणि वायडब्ल्यूएचएझेड हे दोन्ही हाउसकीपिंग जीन लावा आणि स्थिर आहेत का ते आधी तपासा.
आणि सिक्वेन्सिंगवाल्यांनी तुलना कशाशी केली ते बघा. ग्रॅन्युलोसा पेशी डिशमध्ये ठेवल्या की ल्युटिनाइझ व्हायला लागतात (अंडं सुटल्यानंतरच्या पेशींसारख्या बदलतात). अ‍ॅरोमॅटेज आपणहून उतरतो, त्याला व्हायरस लागत नाही.

जुना_पशुवैद्य:
माढेकर, कुत्र्याचा पार्व्हो वेगळा, डुकराचा वेगळा. पिल्लाकडून डुकरिणीला येणार नाही. डुकरांतल्या पार्व्होत मादी धडधाकट दिसते, फटका गर्भाला बसतो. साधारण ७० दिवसांच्या आत लागण झाली तर गर्भ मरतो आणि आतच सुकतो. वेताला सुकलेली, काळपट पिल्लं पडली तर गावच्या डॉक्टरांना दाखवा. पुढच्या खेपेला फळवण्याआधी लस टोचून घ्या.

माढ्याचा_शेतकरी:
लई आभार डॉक्टर. ती लस पंढरपुरात मिळंल का?

बाळीवेस:
आरएनए दोन्हीकडे ५०० नॅनोग्रॅम. रिपोर्टमध्ये खरंच ‘कंट्रोल ० तास’ लिहिलंय. म्हणजे त्यांचा निम्मा आकडाही व्हायरसमुळेच असं म्हणता येणार नाही ना? वायडब्ल्यूएचएझेडचे प्रायमर फ्रीझरमध्ये होते, आरपीएलपी०चे शेजारच्या लॅबने दिले, लावते.

चंचुपात्र:
एप्रिलात सोलापुरात लाइट जाते तेव्हा तो फ्रीझर किती वाढतो बघितलंय का? आरएनए तुटला असेल. आरआयएन (आरएनए किती शाबूत, याचा १० पैकी आकडा) बघा.

बाळीवेस:
जनरेटर आहे. आरआयएन सगळ्यांचा ९ च्या वर.
प्लेट झाली. आरपीएलपी० आणि वायडब्ल्यूएचएझेड दोन्ही मॉक-इन्फेक्टेडला जवळपास जागच्या जागी. त्यांच्याशी मोजला तर अ‍ॅरोमॅटेज ४८ तासांच्या मॉकच्या निम्मा! म्हणजे उतार व्हायरसचाच, बरोबर? आता नवीन घोळ. व्हायरसचा एनएस१ जीन सीटी १६ ला येतो, पण आरटी (आरएनएवरून डीएनए बनवणारं) एन्झाइम न घातलेल्या नळीतही १९ ला येतोय. एन्झाइमशिवाय कसा येईल?

पेशीपुराण:
येणारच. पार्व्होचा जीनोमच डीएनए आहे, आरएनए काढताना तोही सोबत येतो. तीन सायकलचा फरक म्हणजे सिग्नलचा सुमारे आठवा हिस्सा त्या डीएनएचा. उरलेल्या आरएनएला डीएनेझ (डीएनए तोडणारं एन्झाइम) द्या, सीडीएनए (आरएनएवरून बनवलेला डीएनए) नव्याने करा आणि आरटीविना नळी प्रत्येक नमुन्याला ठेवा. अ‍ॅरोमॅटेजच्या आरटीविना नळीत काही आलं होतं का?

बाळीवेस:
काहीच नाही, ४० सायकलपर्यंत कोरी.

पेशीपुराण:
मग अ‍ॅरोमॅटेजचा आलेख सोमवारी बिनधास्त द्या. एनएस१ चा डीएनेझनंतर.