प्रति: छोटे तंबाखू उत्पादक आणि कार्यक्षमता

हेक्टरी उत्पादन कमी म्हणून छोटा तंबाखू शेतकरी अकार्यक्षम, हा निष्कर्ष घाईचा वाटतो. आफ्रिकेतल्या मलावीचंच घ्या. तिथे १९९०च्या आसपासपर्यंत बर्ली या जातीचा तंबाखू पिकवण्याचा हक्क मोठ्या इस्टेटींपुरताच होता. नंतर तो छोट्यांना मिळाला. बर्ली सावलीत, हवेवर सुकते. झिंबाब्वेतल्या व्हर्जिनिया तंबाखूसारखी सुकवायला भट्टी लागत नाही. लागतात ती माणसं: रोपवाटिका, खुडणी, पानं ओवणं, प्रतवारी. ही घरची मजुरी हिशेबात शून्य धरली, की नफ्याचा आकडा फसवाच निघणार. करारशेतीत तर बऱ्याचदा खतही पीक विकत घेणाऱ्या कंपनीकडून उधारीवर येतं. ते उशिरा पोचलं, तर घटलेल्या उत्पादनाला शेतकऱ्याची अकार्यक्षमता म्हणायचं का?