मदत हवी आहे: मतदान सोडून दिलेल्या बाबांना काय सांगू?

नमस्कार मंडळी. माझे बाबा ७२ वर्षांचे. मतदानाच्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून सकाळी सातच्या आत केंद्रावर हजर, असा त्यांचा शिरस्ता. आल्यावर बोटावरची शाई आम्हा भावंडांना दाखवायचे. गेल्या वेळी मात्र मतदार चिठ्ठी फ्रीजवर तशीच पडून राहिली. म्हणाले, "मी मत एकाला देतो, ते जाऊन बसतं दुसऱ्याच्या पंक्तीला."

नोव्हेंबर २०१९ चा पहाटेचा शपथविधी, २०२२ मध्ये शिवसेना फुटली, २०२३ मध्ये राष्ट्रवादी. प्रत्येक वेळी ते टीव्हीसमोरून उठून गेले. भ्रष्टाचार त्यांनी आयुष्यभर पाहिला, तरी मत दिलं. पण आपल्याला कुणी विचारलंच नाही, हे त्यांना फार लागलंय. मी ‘नोटा’ (यांपैकी कुणीही नाही) हे बटण सुचवलं, तर नुसते हसले.

पक्षांतरबंदी कायदा १९८५ पासून आहे, पण आमदारांच्या अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांच्या हाती. त्यात साध्या मतदाराला दाद मागता येते का? जाणकारांनी कृपया सांगा. आणि कुणाच्या घरी असं रुसलेलं माणूस पुन्हा केंद्रावर गेलं असेल, तर ते कशामुळे गेलं?