अनुभव: 'स्वामी' – कादंबरी आणि दूरदर्शनची मालिका

विश्वास पाटलांची 'पानिपत' संपवून लगेच रणजित देसाईंची, माधवराव पेशव्यांवरची 'स्वामी' हाती घेतली आणि 1987 ची मालिका आठवली. रवींद्र मंकणींचा माधवराव, मृणाल देवची रमा. माझं मत, मालिका मनात राहते ती या जोडीमुळे, पण माधवराव कळतो कादंबरीतच. तुम्ही काय वाचताय, काय पाहिलंय? लिहा.

—

क्रम असा लावा: 'राऊ' (बाजीरावावरची कादंबरी), 'पानिपत', मग 'स्वामी'. पानिपत 14 जानेवारी 1761, जूनमध्ये नानासाहेब गेले आणि पेशव्यांच्या गादीवर त्यांचा 16 वर्षांचा मुलगा, माधवराव. हे डोक्यात नसेल तर पहिली शंभर पानं नुसती घरातली भांडणं वाटतात.

—

+1. आळेगावला (1762) लढाई हरल्यावर माधवराव स्वतःहून काकाच्या, म्हणजे राघोबाच्या स्वाधीन का होतो, इथे बरेच जण अडकतात. निजाम टपून बसलेला, घरची फूट वाढली तर राज्यच जाईल, म्हणून. पुढच्याच वर्षी राक्षसभुवनला दोघे मिळून निजामाला हरवतात. गोदावरीला पूर, निजाम पलीकडे, अर्धं सैन्य अलीकडे, तेवढंच गाठलं. नकाशा उघडून वाचा, खरंच.

—

मालिकेचं दिग्दर्शन गजानन जागीरदारांचं ना? प्रभातच्या 'रामशास्त्री' चित्रपटात (1944) रामशास्त्री तेच होते!! माधवराव-रामशास्त्री प्रसंग बघताना हे लक्षात ठेवा, वेगळीच मजा येते.

—

कादंबरी मुळातच संवादांवर उभी, म्हणून पडद्यावर सहज उतरते. 'पानिपत'चं तसं नाही. तिथे दाणागोटा, बाजारबुणगे, तुटलेली रसद हाच जीव. ते संवादात आणायला गेलं की पात्रं एकमेकांना माहिती सांगत बसतात. कुणी मालिका करणार असेल तर आधी उपासमार दाखवा, तोफा नंतर.

—

'स्वामी'वर एक तक्रार. क्षय आणि रमा यांत शेवट इतका भिजतो की कर्जाचं ओझं मागे पडतं. मृत्यूआधीच्या नऊ कलमी यादीत कर्जफेडीचं कलम आहे. माणूस 27 व्या वर्षी मरताना हिशेब बघतोय, मला ते जास्त लागतं.

—

पटलं. पण रमा नको म्हणू नका हो 🙏

—

माधवराव जिथे गेले त्या थेऊरला कसं जायचं? चिंतामणीचं दर्शनही होईल.

—

पुण्याहून सोलापूर रस्ता, लोणी काळभोरच्या पुढे थेऊर फाटा, तिथून डावीकडे. साधारण 25 किमी. देवळाहून नदीकडे उतरलात की रमाबाईंची समाधी. चतुर्थी टाळा, गर्दी फार. बाकी नंतर, कुकर लावलाय.