एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधल्या लेकर्स (लॉस एंजेलिस) आणि सेल्टिक्स (बॉस्टन) या संघांचं वैर नक्की कधीपासूनचं?

प्रश्न: सगळे १९८०च्या दशकातल्या मॅजिक जॉन्सन (लेकर्स) आणि लॅरी बर्ड (सेल्टिक्स) यांच्यापासूनच सुरुवात करतात. त्याआधी काही नव्हतं का?

उत्तर: होतं की! १९५९ ते १९६९ या काळात सेल्टिक्सनी लेकर्सना सात फायनलमध्ये हरवलं. १९६९च्या फायनल मालिकेची सातवी, निर्णायक मॅच आठवली की अजून जीव तुटतो. लॉस एंजेलिसमध्ये विजयाचे फुगे आधीच छताला लावून ठेवलेले, आणि बॉस्टन १०८-१०६ने जिंकलं. लेकर्सच्या जेरी वेस्टचे ४२ पॉइंट वाया गेले. हरलेल्या संघात असूनही फायनलचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. असा दुसरा कुणीच नाही.

दुसरं उत्तर: १९८५ची फायनलही सांगा ना! पहिल्या मॅचमध्ये लेकर्सचा १४८-११४ असा धुव्वा उडाला, तरी ३८ वर्षांच्या करीम अब्दुल-जब्बारसोबत त्यांनी सेल्टिक्सच्या घरच्या मैदानात, बॉस्टन गार्डनमध्येच विजेतेपद मिळवलं.

प्रश्नकर्ता: वेस्टबद्दल आणखी लिहा, प्लीज.