ऑफ-रोड आरसी बग्गी डांबरावर चालवायची आहे: सुरुवात शॉकपासून करावी की टायरपासून?

काटेरी_टायर (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे १/१० मापाची, रिमोटवर (आरसी) चालणारी, चारही चाकांना गती मिळणारी इलेक्ट्रिक बग्गी आहे. मोटार ३३०० केव्हीची (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला ३३०० फेरे) ब्रशलेस, बॅटरी ७.४ व्होल्टची २एस (दोन सेलची) लायपो, स्पर गिअर (मोटारीने फिरणारा मोठा गिअर) ७८ दातांचा, पिनियन (मोटारीवरचा छोटा गिअर) २० दातांचे आणि तिथून चाकांपर्यंतचे अंतर्गत गुणोत्तर २.६ आहे. मातीवर तिच्याबद्दल काहीच तक्रार नाही. मात्र हल्ली ती बहुतेक वेळा डांबरावर किंवा गुळगुळीत काँक्रीटवर चालवावी लागते. तेथे टायरचे काटे पाहता पाहता झिजून जातात आणि वेगात वळवली की गाडी सरळ उलटते. आधी शॉक (चाकांचे धक्के शोषणारे दांडे) आखूड करून आणि कडक स्प्रिंग घालून गाडी शक्य तितकी खाली बसवावी, टायर सवडीने बदलावेत, असा माझा विचार आहे. हा क्रम बरोबर आहे का? ‘त्यापेक्षा वेगळी ऑन-रोड गाडी घ्या’ हा सल्ला मला पाठ आहे, तेवढा कृपया देऊ नये.

दातांची_बेरीज

क्रम नेमका उलटा आहे. आधी टायर, मग गिअर, आणि शॉकला हात सर्वांत शेवटी लावावा. बग्गीच्या टायरचा व्यास सुमारे ८५ मिमी असतो, तर टूरिंग गाडीच्या (डांबरासाठीच्या ऑन-रोड आरसी गाडीच्या) टायरचा सुमारे ६४ मिमी. त्यामुळे केवळ टायर बदलताच चासिस जवळपास १० मिमी खाली येते आणि त्यासाठी सस्पेन्शनचा एकही स्क्रू फिरवावा लागत नाही. जी उंची तुम्ही शॉकची हालचाल बळी देऊन कमी करणार होता, ती अशी आपोआप कमी होते. हेक्स (चाक ज्यावर बसते तो षटकोनी तुकडा) बहुधा दोन्हीकडे १२ मिमीचाच असतो, म्हणून चाक बसते. पण टूरिंग रिम आतून लहान असल्याने ती स्टिअरिंगच्या नकलला (पुढचे चाक धरून वळवणाऱ्या भागाला) घासू शकते. चाक हाताने फिरवून, स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेऊन हे आधीच तपासावे. घासत असेल तर जास्त ऑफसेटची (चाक बाहेर ढकलणारी) रिम किंवा जाड हेक्स घ्यावा.

आता गिअर. मोटारीच्या एका फेऱ्यात गाडी किती सरकते, हा आकडा पकडून चालावे. तुमचे सध्याचे एकूण गुणोत्तर ७८ भागिले २० गुणिले २.६, म्हणजे १०.१४ आहे, ८५ मिमीच्या टायरचा परीघ २६७ मिमी, म्हणून एका फेऱ्यात गाडी २६.३ मिमी जाते. बिनभाराचे मिनिटाला २४,४२० फेरे (३३०० गुणिले ७.४) धरले तर कागदावर ताशी ३८.६ किमी वेग येतो. लहान टायरचा परीघ २०१ मिमीच असल्याने त्याच गिअरवर हा वेग २९ किमीवर घसरेल, मोटार मात्र तितकीच किंचाळत राहील.

नुसते मोठे पिनियन लावले तर मोटार मागे सरकवावी लागते आणि चासिसमधली खाच बहुधा तेवढी लांब नसते. म्हणून दोन्ही गिअर असे बदलावेत की दातांची बेरीज, तुमच्या बाबतीत ९८, कायम राहील. दातांचे मॉड्यूल (दातांचे माप) अर्थातच तेच हवे. ७४ आणि २४ घेतल्यास गुणोत्तर ८.०२ होते आणि गाडी एका फेऱ्यात २५.१ मिमी सरकते. ७२ आणि २६ घेतल्यास २७.९ मिमी येतात, म्हणजे मोटारीवर पूर्वीपेक्षा जास्त भार पडतो. मी ७४-२४ वर थांबेन.

तिरका_कॅम्बर

वरील गणित मान्य आहे. फक्त डांबरावर पकड जास्त असल्यामुळे त्याच गिअरवरही मोटार अधिक करंट ओढते, हे विसरू नये. पहिल्या दिवशी पाच मिनिटे चालवून मोटारीचे तापमान मोजावे. ते ८० अंश सेल्सियसच्या जवळ जात असेल तर पिनियनचे दोन दात कमी करावेत.

गाडी उलटण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. टायरची पकड ही गाडीची अर्धी रुंदी भागिले गुरुत्वमध्याची उंची या आकड्यापेक्षा जास्त झाली, की गाडी घसरण्याऐवजी उलटते. बग्गी सुमारे २५० मिमी रुंद असते आणि टूरिंग गाडी १९० मिमीच्या आसपास, म्हणजे रुंदी तुमच्या बाजूने आहे. म्हणून टूरिंगची देखणी बॉडी बसावी या मोहाने गाडी अरुंद करू नका. (हा मोह मला झाला होता. बॉडी छान दिसली, बहुतेक वेळा उलटी पडलेली.) स्प्रिंग एक पायरी कडक करावी, अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचे कलणे कमी करणारी सळई) लावावा, आणि शॉकच्या आत पिस्टनखाली छोटा स्पेसर घालून चाकाची खालच्या दिशेची हालचाल कमी करावी. एवढे करूनही उलटत असेल, तर टायरच्या बाहेरच्या भिंतीवर पातळ सुपरग्लूचा एक थर द्यावा; कडेचे रबर जमिनीला चावणे थांबते.

वेगळी गाडी घ्या म्हणणाऱ्यांसाठी एक आठवण: तामिया या जपानी कंपनीची टीए-०१ ही १९९१ ची टूरिंग चासिस ‘मांटा रे’ या बग्गीच्या चासिसवरूनच तयार झाली होती.

काटेरी_टायर

दोघांचेही आभार. टायर आणि ७४-२४ गिअर बसवले, शॉकला हात लावलेला नाही. पुढची डावी रिम खरोखरच नकलला घासत होती. जाड हेक्सने ते थांबले. पाच मिनिटांनंतर मोटार ६६ अंशांवर होती. उजव्या वळणावर गाडी आता उलटत नाही, डाव्या वळणावर मात्र अजूनही आतले चाक उचलते. असे एकाच बाजूला का व्हावे?

तिरका_कॅम्बर

बॅटरी एका बाजूला असेल तर आधी डाव्या-उजव्या चाकांवरचे वजन तपासा. डावी बाजू हलकी निघाली, तर ईएससी (मोटारीचा वेग नियंत्रित करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) तिकडे सरकवून पाहा.