मदत हवी आहे : अण्णांच्या डब्यातली नाणी ओळखायला आधी कोणतं पुस्तक घेऊ?

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. पहिलाच धागा, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझे वडील, अण्णा, एसटीत कंडक्टर होते. नाशिक, संगमनेर, जुन्नर, पैठण या गाड्यांवर बहुतेक नोकरी गेली, मधली चार वर्षं वाशिम-कारंजा भागात. मुक्कामाच्या गावी संध्याकाळी ते सराफाच्या पेढीवर जाऊन बसायचे आणि मोडीत आलेली जुनी नाणी वजनावर घ्यायचे. आई म्हणायची, "लोकांचे नवरे बोनस आणतात, आमचे गंजलेल्या चकत्या." मागच्या वर्षी अण्णा गेले आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा माझ्याकडे आला. आत ६४ नाणी. प्रत्येक नाणं तिकिटाच्या नाहीतर वेबिलाच्या कागदात गुंडाळलेलं, वर पेन्सिलीने गाव आणि साल.

मी चार ढीग केलेत.

पहिला : चांदीची, नखाएवढी, ११ नाणी. एका बाजूला मिशीवाल्या माणसाचं डोकं, दुसऱ्या बाजूला तीन कमानींची टेकडी, वर चंद्रकोर, खाली नागमोडी रेघ, कडेने अक्षरं. दुसरा : शिसं किंवा तसल्याच काळपट धातूची १७. हत्ती दिसतो, मागे फुलीच्या चार टोकांना चार गोल. तिसरा : शिवराया, म्हणजे मराठेशाहीतले तांब्याचे पैसे, २७. या मला कळतात, 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' वाचता येतं. चौथा : जाड तांब्याची ९, उर्दूसारखी लिपी.

आता माझा मूर्खपणा. घाईघाईत जगातल्या नाण्यांचा एक विटेएवढा कॅटलॉग मागवला. घरी आल्यावर पाहिलं तर त्यातली नाणी १६०१ पासून पुढची! आणि दुसरं म्हणजे एक शिवराई चिंचेच्या कोळाने घासली. देवघरातल्या तांब्यासारखी लखलखीत झाली, पण बघून पोटात कसंतरीच झालं.

विचारायचं ते हे. पुस्तकांसाठी साधारण पाच हजार रुपये बाजूला काढलेत. इंग्रजी चालेल, मराठीत असेल तर उत्तम. ब्राह्मी येत नाही, फारसी तर नाहीच. कुठून सुरुवात करू? शिवाय न्यू जर्सीतला भाऊ म्हणतोय, अर्धी नाणी कुरियरने पाठव. पाठवू का?

प्रतिसाद

ताई, आधी चिंच कपाटात ठेवा. लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट सगळंच. तांब्यावर शे-दोनशे वर्षांत बसलेला थर हा नाण्याचा पुरावाही असतो आणि कवचही. ती एक शिवराई आता तशीच राहू द्या, पुन्हा काळी करायला जाऊ नका.

दुसरं, ते तिकिटांचे कागद फेकले नाहीत ना? पुस्तकांपेक्षा ते मोलाचे आहेत. अण्णांनी नाणं घेतलं ते गाव म्हणजे नाणं सापडलं ते गाव नव्हे, हे खरं. पण सराफाकडची मोड सहसा पंचक्रोशीतूनच येते. प्रत्येक नाण्याला क्रमांक द्या, तोच कागदावर घाला, वहीत वजन आणि व्यास लिहा. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. पाच हजारांतली पहिली खरेदी हीच.

आता पुस्तकं. पहिला ढीग पश्चिमी क्षत्रपांचा (गुजरात-माळवा भागातले शक राजे), दुसरा बहुधा सातवाहनांचा. दोन्हींसाठी पायाचा ग्रंथ एकच, रॅप्सनचा. ब्रिटिश म्यूझियमने १९०८ साली छापलेला आंध्र, पश्चिमी क्षत्रप आणि त्रैकूटक या राजघराण्यांच्या नाण्यांचा कॅटलॉग. 'आंध्र' म्हणजे तिथे सातवाहन. हक्काची मुदत कधीच संपली आहे, स्कॅन फुकट मिळतो, त्यामुळे एक पैसाही घालवू नका. चित्रांची पानं तेवढी मोठ्या आकारात छापून घ्या, स्कॅनमध्ये ती काळवंडलेली असतात.

पण रॅप्सन उघडून तुमच्या नाण्यासारखं चित्र शोधत बसलात तर महिना जाईल आणि हाती काही लागणार नाही, कारण क्षत्रपांची नाणी दीड-दोनशे वर्षं दिसायला जवळजवळ सारखीच आहेत. ओळख लेखावरून, म्हणजे कडेच्या अक्षरांवरून पटते. त्यात बापाचं नाव आधी आणि मुलाचं नंतर. उदाहरणार्थ, 'राज्ञो महाक्षत्रपस रुद्रदामपुत्रस राज्ञो महाक्षत्रपस रुद्रसीहस'. नाणं छोटं, ठसा मोठा, म्हणून अर्धा लेख कडेबाहेर गेलेला असतो. तरी बापाचं नाव आणि मुलाच्या नावाची दोन अक्षरं मिळाली तर बऱ्याचदा काम भागतं. जीवदामन-रुद्रसिंहाच्या काळापासून डोक्यामागे शक वर्षही असतं. तिथे आपल्यासारखी स्थानिक किंमत नाही. १०० चं चिन्ह वेगळं, ४० चं वेगळं, २ चं वेगळं, तिन्ही एकाखाली एक. बेरीज करा, त्यात ७८ मिळवा, इसवी सन आलं.

म्हणून तुमचं खरं पहिलं पुस्तक गौरीशंकर ओझांची 'भारतीय प्राचीन लिपिमाला'. हिंदीत आहे, दुसरी आवृत्ती १९१८ ची, स्कॅन मिळतो. अंकांचे तक्ते छापून भिंतीला लावा. ब्राह्मीची भीती वाटते तेवढी ती अवघड नाही. आपल्या देवनागरीची पणजीच ती, पंधरा दिवसांत 'पुत्रस' ओळखू यायला लागतं.

प्रतिसाद

वरच्या काकांशी सहमत, पण दुसऱ्या ढिगाबाबत एक इशारा. सातवाहनांसाठी रॅप्सनवर थांबू नका. १९३९ साली तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातल्या (आता वाशिम) तऱ्हाळ्याला पोटीनच्या (तांबं, शिसं, कथील यांचा मिश्रधातू) सुमारे १,६०० नाण्यांचा साठा सापडला. कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी असे राजे त्यातून पुढे आले. पुराणांच्या यादीत नाहीत, तर १९०८ च्या कॅटलॉगमध्ये कुठून असणार? तुमच्या अण्णांनी वाशिम-कारंजा भागात घेतलेली नाणी असतील तर ती रॅप्सनमध्ये न सापडण्याची तयारी ठेवा. हत्ती आणि मागे उज्जयिनी चिन्ह (तुम्ही म्हणता ती चार गोलांची फुली) हा त्या साठ्याचाच तोंडवळा. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी ही नाणी भारतीय मुद्रा परिषदेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली होती.

मराठीत विचारलंत म्हणून, वा. वि. मिराशींचंच 'सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांचा इतिहास आणि कोरीव लेख'. हा नाण्यांचा कॅटलॉग नाही, पण नाण्यावरचा राजा कोण, कोणाचा मुलगा, कोणत्या लेण्यात त्याचा लेख आहे, हे आपल्या भाषेत समजतं. नाशिकजवळच्या जोगळटेंभीच्या साठ्याची गोष्टही त्याच्या शेजारी ठेवून वाचा. १९०६ साली नहपान या क्षत्रप राजाची १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली आणि त्यातल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. तुमच्या ११ चांदीच्या नाण्यांत कुठे डोक्यावरच टेकडी किंवा उज्जयिनी चिन्ह उमटलेलं दिसतंय का? दिसलं तर आधी इथे फोटो टाका, जेवण नंतर.

जाता जाता : मागे टेकडीऐवजी पंख पसरलेला पक्षी असेल तर तो गरुड, नाणं गुप्तांचं. त्यासाठी अ‍ॅलनचा १९१४ चा गुप्त कॅटलॉग. टेकडीच आहे पण लेखात 'परमवैष्णव' वाचलंत तर त्रैकूटक. ते रॅप्सनमध्येच मागे आहेत.

आणि शिसं लाकडी कपाटात ठेवू नका. लाकडातून सुटणाऱ्या आम्लांनी शिशावर पांढरी भुकटी धरते. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांतही नको, त्यात तांब्यावर हिरवट चिकटा येतो. हाताळून झाल्यावर हात धुवा.

प्रतिसाद

चौथ्या ढिगासाठी स्टॅन गोरोन आणि जे. पी. गोएंका यांचं भारतातल्या सुलतानशाह्यांच्या नाण्यांवरचं २००१ चं पुस्तक. बहमनी, निजामशाही, आदिलशाही सगळं एका जागी. विक्रेते आणि लिलाववाले त्यातलेच क्रमांक देतात, म्हणून कधी ना कधी ते लागतंच. पण नऊ नाण्यांसाठी विकत घेऊ नका! महाग आहे, सहज मिळतही नाही. ग्रंथालयात बसून दोन दुपारी काम होईल. डेक्कन कॉलेज किंवा मुंबईची एशियाटिक सोसायटी, आधी फोन करून बाहेरच्या वाचकांचे नियम विचारा. नाशिककर असाल तर अंजनेरीची नाणकशास्त्र संशोधन संस्था दारातच आहे.

लिपीसाठी रिचर्ड प्लँटचं अरबी नाणी कशी वाचावीत हे छोटं पुस्तक घ्या. फारसी येण्याची गरज नाही. 'सुलतान', 'शाह', 'बिन' (चा मुलगा), 'जर्ब' (अमुक टांकसाळीत पाडलं) एवढे शब्द आणि दहा अंक ओळखता आले की बरंचसं कोडं सुटतं. अहमदनगरच्या तांब्यावर टांकसाळीचं नाव 'मुर्तजानगर' दिसेल, गोंधळू नका. हिजरी सालातून तीन टक्के वजा करा आणि ६२२ मिळवा, एखाद्या वर्षाच्या फरकाने इसवी सन मिळतं.

प्रतिसाद

शिवराईला कोणीच हात घातला नाही! ताई, 'श्री राजा शिव' दिसलं म्हणजे महाराजांच्याच काळातलं असं नाही. हीच अक्षरं घेऊन पेशवाईअखेरपर्यंत शिवराई पडत राहिली. अक्षरांचं वळण, 'शिव'-'शीव'-'सिव' असे फरक, वजन, ओळींमधल्या रेघा हे सगळं पाहावं लागतं. दुहेरी रेघेची ती दुदांडी, ती उशिराची. महेश्वरी आणि विगिन्स यांचं मराठा टांकसाळी आणि नाण्यांवरचं पुस्तक (१९८९, अंजनेरी) हाच आधार. पैसे खर्च करायचेच असतील तर यावर करा, सर्वांत मोठा ढीग तोच आहे.

आणि पुढेमागे कोणी शिवकालीन सोन्याचा होन 'स्वस्तात' देऊ केला तर हात जोडा आणि निघा. खोट्या होनांचा बाजार केवढा मोठा आहे याची कल्पना नाही तुम्हाला.

प्रतिसाद

भावाच्या कुरियरबद्दल : नको. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्यात पुरावशेषात मोडतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. भेट म्हणूनही नाही, वारसाहक्क म्हणूनही नाही. त्यांचा वाटा त्यांच्या नावाने वेगळ्या डब्यात ठेवा. जमिनीत सापडलेल्या नाण्यांचा मामला आणखी वेगळा. १८७८ चा निखात निधी कायदा आहे, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तुमची सराफाकडून घेतलेली आहेत, कागद आहेत, तेच जपा.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवडे गायब होते, कारण काकांनी सांगितलं तसं केलं. ओझांचे तक्ते स्वयंपाकघरात फ्रिजवर लावले. काटा आणला. ६४ क्रमांक टाकून झाले. जोगळटेंभीवाला ठसा एकावरही नाही, तीनदा पाहिलं.

चांदीच्या ५ क्रमांकावर (कागद : 'जुन्नर, ७९') '...रुद्रसीहस पुत्रस...' इतकं स्वच्छ वाचलं आणि शेवटी 'सेनस'. मधलं कडेबाहेर. मी लगेच रुद्रसेन लिहून मोकळी झाले होते. मग रॅप्सनमध्ये वंशावळ पाहिली तर रुद्रसिंहाचे दोन मुलगे 'सेन'! रुद्रसेन आणि दामसेन. दोन दिवस अडकले. शेवटी भिंग घेऊन डोक्यामागे पाहिलं. १०० आहे, त्याखाली ५० आहे, एकं तुटलंय. रुद्रसेनाची वर्षं १४४ ला संपतात, दामसेन १४५ ते १५८. म्हणजे दामसेनच, इसवी सन २२८ ते २३६ मधलं. बरोबर आहे ना? ५० च्या जागी ४० वाचत नाहीये ना मी? फोटो खाली जोडते, जाणकारांनी तेवढं चिन्ह तपासून सांगा.

भाऊ रुसलाय. त्याला म्हटलं, तुझा वाटा बघायला तूच ये.