प्रौढ वयात ट्रायल्स शिकायचे आहे : पहिली सायकल कोणती घ्यावी?

वारजेकर :

नमस्कार. माझे वय 41 असून उंची 5 फूट 6 इंच आणि वजन 76 किलो आहे. अनेक वर्षांपासून रविवारी खडकवासला आणि सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत सायकल चालवतो, त्यामुळे सायकलची सवय आहे. परंतु जागच्या जागी सायकल तोलणे, पुढचे चाक उचलून दगडावर ठेवणे आणि पाय न टेकता अडथळा पार करणे हा ट्रायल्सचा प्रकार मला आता मनापासून शिकायचा आहे. स्पर्धेत उतरण्याचा विचार नाही. सकाळी तासभर सराव करता यावा आणि हळूहळू हात बसावा, एवढीच अपेक्षा आहे.

पुण्यातल्या दुकानांत चौकशी केली तेव्हा बहुतेक ठिकाणी ट्रायल्स म्हणजे बीएमएक्स (शर्यती आणि कसरतींची लहान चाकांची सायकल) असे समजून त्याच सायकली दाखवण्यात आल्या. सध्या माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. बंगळुरूतील एक गृहस्थ आपली वापरलेली 20 इंची ट्रायल्स सायकल विकत आहेत. तिला सीट नाही. दुसरा पर्याय म्हणजे 24 इंची नवी सायकल परदेशातून मागवणे, ज्यात वाहतूक आणि आयात शुल्क मिळून किंमत बरीच वाढते. तिसरा पर्याय म्हणजे घरात पडून असलेल्या 26 इंची एमटीबीमध्ये (माउंटन बाइकमध्ये) बदल करून तिच्यावरच सुरुवात करणे. चाकाचे माप कसे ठरवावे आणि या तिन्हींपैकी कोणती वाट धरावी, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

तळजाई_पहाट :

चाकाचे माप महत्त्वाचे आहेच, पण पुण्यात राहून शिकणाऱ्या माणसाने त्याआधी मागचा ब्रेक, फ्रीव्हील (पेडल थांबले तरी चाक पुढे फिरू देणारी यंत्रणा) आणि सुटे भाग या तीन गोष्टींचा विचार करावा, असे माझे ठाम मत आहे. या तिन्ही गोष्टी नीट असतील तर कोणत्याही मापावर शिकता येते, आणि त्यातली एक जरी कच्ची असली तरी महागडी सायकलसुद्धा महिनोन्‌महिने भिंतीला टेकून उभी राहते.

मागच्या ब्रेकपासून सुरुवात करतो. ट्रायल्समध्ये मागच्या चाकावर उभे राहताना ते चाक पूर्णपणे जखडलेले असावे लागते. पुढे झेप घेताना ब्रेक क्षणभर सोडायचा, त्याच क्षणी पेडलवर जोर द्यायचा आणि चाक टेकताच पुन्हा ब्रेक आवळायचा, ही क्रिया एका बोटाने सहज झाली पाहिजे. ब्रेक किंचित जरी घसरला तरी सायकल पायाखालून पुढे निघून जाते आणि माणूस पाठीवर पडतो. म्हणून केबलवर चालणारे साधे ब्रेक असलेली सायकल, ती कितीही स्वस्त असली तरी, मागच्या चाकापुरती तरी टाळावी.

दुसरी गोष्ट फ्रीव्हीलची. 20 आणि 26 इंची खऱ्या ट्रायल्स सायकलींमध्ये फ्रीव्हील बहुधा मागच्या हबमध्ये (चाकाच्या मध्यभागी) नसून पुढे क्रँकवर (पेडल जोडलेल्या दांड्यांवर) असते आणि मागचे स्प्रॉकेट (चेनची दातेरी चकती) चाकाशी पक्के जोडलेले असते. साध्या फ्रीव्हीलला एका फेऱ्यात वीसच्या आसपास पकडी (यंत्रणा अडकून जोर घेते त्या जागा) असतात, म्हणजे जोर लागण्याआधी पेडल 18 अंशांपर्यंत मोकळे फिरू शकते. ट्रायल्सच्या फ्रीव्हीलला 72 किंवा 108 पकडी असतात. 108 असतील तर हे मोकळे फिरणे साधारण साडेतीन अंशांच्या आत येते, आणि झेप घेताना हा फरक पायाला लगेच जाणवतो. या रचनेची एक सूचना मात्र आधीच देऊन ठेवतो. पेडल स्थिर असतानाही चाक फिरले की चेन फिरत राहते, त्यामुळे बुटाची नाडी, पायजम्याचा घोळ आणि घरातल्या लहान मुलांची बोटे तिच्यापासून दूर ठेवावीत.

आता मापाकडे येतो. 20 आणि 26 इंची हे आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाच्या स्पर्धांमधले दोन प्रस्थापित गट आहेत. 20 इंची सायकल आखूड आणि चपळ असते, त्यामुळे मागच्या चाकावरच्या उड्या तिच्यावर लवकर जमतात. मात्र लहान चाक खाचेत अडकते आणि दगडावरून सहज घरंगळत नाही. 26 इंची सायकलीचे मोठे चाक चुका सांभाळून घेते आणि सरासरी उंचीच्या प्रौढाला तिच्यावर कमी वाकावे लागते. 24 इंची सायकल प्रामुख्याने रस्त्यावरच्या, कठड्यांवरच्या कसरतींसाठी विकसित झाली. एडिनबरात चित्रित होऊन 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ज्या चित्रफितीमुळे स्कॉटिश ट्रायल्सपटू डॅनी मॅकॅस्किल जगभर ओळखला गेला, तीत त्याची सायकल अशीच 24 इंची होती. तिला सहसा लहानशी का होईना, सीट असते.

मापाइतकेच लक्ष बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँकचा आस फ्रेममध्ये जिथे बसतो त्या भागाच्या) उंचीकडे द्यावे. नेहमीच्या एमटीबीत तो दोन्ही चाकांच्या आसांना जोडणाऱ्या रेषेच्या खाली असतो, तर स्पर्धेच्या ट्रायल्स सायकलींत या रेषेच्या बराच वर असतो. तो फार उंच असेल तर नवशिक्याला आपण काठीवर उभे आहोत असे वाटते, म्हणून पहिल्या सायकलीत ही उंची मध्यम असलेली बरी.

सुट्या भागांच्या बाबतीत 20 इंची सायकलीची एक अडचण सांगायलाच हवी. तिचे मागचे चाक पुढच्यापेक्षा लहान रिमचे, 19 इंची म्हणून ओळखले जाणारे आणि जाड टायरचे असते. हा टायर आपल्याकडच्या दुकानांत मिळत नाही आणि बीएमएक्सचा टायर त्या रिमवर बसत नाही. बंगळुरूच्या गृहस्थांकडे जादा टायर आहे का, हे किंमत ठरवण्याच्या आधी विचारा.

भोसरीतला_कारागीर :

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे. वापरलेली सायकल तपासण्याबाबत थोडी भर घालतो, कारण धातूशी माझा रोजचा संबंध आहे.

ट्रायल्सच्या बहुतेक फ्रेम ॲल्युमिनियमच्या असतात आणि त्यांच्यावर प्रत्येक उतरणीला मोठा धक्का बसतो. ॲल्युमिनियम वाकून सूचना देत नाही; बारीक तडा जातो, तो वाढत राहतो आणि एके दिवशी नळी तुटते. हेडट्यूबचे (हँडलखालच्या पुढच्या नळीचे) जोड, बॉटम ब्रॅकेटच्या भोवतालचा भाग आणि मागचे ड्रॉपआउट (चाकाचा आस बसतो त्या खाचा) या जागा ओल्या फडक्याने पुसून, उजेडात तिरक्या कोनातून पाहाव्यात. रंगावर केसासारखी रेघ दिसली तर तिच्यावरून नख फिरवावे, आणि नख अडकले तर ती फ्रेम घेऊ नये. विक्रेता तडा वेल्डिंगने भरून देतो म्हणाला तरी नकार द्यावा. 6061 जातीच्या ॲल्युमिनियमला त्याची ताकद उष्णता प्रक्रियेतून मिळालेली असते. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाभोवतीचा भाग पुन्हा मऊ पडतो आणि तेवढ्यासाठी पूर्ण फ्रेमवर पुन्हा ती प्रक्रिया करणे व्यवहारात कोणी करत नाही. भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांत उत्तम वेल्डर आहेत, याचा मला अभिमान आहे, पण हे काम त्यांच्याकडे नेण्याचे नाही. त्यांच्याकडून बॉटम ब्रॅकेटखालची संरक्षक पट्टी मात्र अवश्य बनवून घ्यावी. दगडावर आपटून ती झिजतेच आणि तिच्यासाठी परदेशी सुटा भाग मागवण्याची गरज नाही.

फ्रीव्हीलची परीक्षा अशी करावी. सायकल भिंतीला टेकवून मागचा ब्रेक घट्ट दाबावा, पेडल आडवी ठेवावीत आणि हँडल धरून पुढच्या पेडलवर हळूहळू पूर्ण वजन टाकावे. कट् असा आवाज येऊन पेडल खाली सरकले तर फ्रीव्हील घसरत आहे असे समजावे. झेप घेण्याच्या क्षणी फ्रीव्हील घसरले किंवा चेन तुटली तर गुडघा थेट स्टेमवर (हँडल धरून ठेवणाऱ्या भागावर) आदळतो, म्हणून वापरलेली सायकल घेतल्यावर चेन जुनी दिसो वा न दिसो, ती पहिल्याच दिवशी बदलावी.

वारजेकर :

दोघांचेही मनापासून आभार. टायरचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नसता. घरच्या एमटीबीला पुढे तीन चेनरिंगांचा (क्रँकवरच्या दातेरी चकत्यांचा) जुना क्रँक आणि शॉकॲब्सॉर्बर असलेला फोर्क (पुढचे चाक धरणारा चिमटा) आहे. ब्रेक केबलचे, रिमवर दाबणारे आहेत. मात्र फ्रेमवर आणि मागच्या हबवर डिस्कची सोय आहे. या सायकलीत कमीत कमी खर्चात काय करता येईल?

पाना_पक्कड :

तुमच्या जुन्या क्रँकवरचे सर्वांत लहान चेनरिंग बहुधा 22 दात्यांचे असेल. मागे 18 दात्यांचे एकच स्प्रॉकेट बसवले तर सुमारे 1.22 हे गुणोत्तर मिळते आणि 26 इंची ट्रायल्स सायकलींवर रूढ असलेले 18 ला 15 हे गुणोत्तर त्याच्या अगदी जवळ आहे. बाकीची दोन चेनरिंगे, दोन्ही डिरेल्युअर (गिअर बदलणारे भाग) आणि गिअरच्या केबल काढून टाका, चेन आखूड करा आणि ती ताणून धरण्यासाठी टेन्शनर लावा. फोर्क दाबला गेला की पुढचे चाक उचलण्यासाठी दिलेला जोर त्यातच जिरतो, म्हणून त्याजागी त्याच उंचीचा साधा ताठ फोर्क बसवावा. सीट पूर्ण खाली घ्यावी.

खरा खर्च मागच्या ब्रेकवर करावा. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक लावावा आणि त्यात कोणते द्रव चालते ते आधी पाहावे. काही कंपन्यांच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असते आणि काहींमध्ये डॉट 4 किंवा 5.1. डॉट 4 आपल्याकडे दुचाकीचे सुटे भाग विकणाऱ्या कोणत्याही दुकानात मिळते, हे खरे असले तरी मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये ते कधीही भरू नये. आतली रबरी सील फुगून ब्रेक निकामी होतो.

20 इंची सायकलीला मागे रिमवर चालणारा हायड्रॉलिक ब्रेक असण्याची शक्यता मोठी आहे. त्यासाठी रिमचा पृष्ठभाग ग्राइंडरने मुद्दाम खरबरीत केलेला असतो. पकड जबरदस्त मिळते, पण आवाज कर्कश होतो आणि प्रत्येक वेळी घासताना रिम पातळ होते. रिमची कड बोटांनी चाचपून पाहा. ती पत्र्यासारखी पातळ लागली तर नव्या रिमचा खर्च किमतीतून वजा करून मागा.

मनीषा_पाषाण :

वरील तांत्रिक माहिती उत्तम आहे, परंतु एमटीबी बदलण्याच्या सल्ल्याशी मी पूर्णपणे सहमत नाही. मी पस्तिशीनंतर सुरुवात केली आणि माझी उंची 5 फूट 2 इंच आहे. जुन्या एमटीबीचे चेनस्टे (बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या चाकाच्या आसापर्यंतच्या नळ्या) 425 मिलिमीटरच्या आसपास असतात, तर 26 इंची ट्रायल्स सायकलीचे सुमारे 380 आणि 20 इंची सायकलीचे त्याहूनही आखूड. मागचे चाक जितके शरीराच्या जवळ, तितके त्याच्यावर उभे राहणे सोपे. त्यात बॉटम ब्रॅकेटही खाली असतो, त्यामुळे एमटीबीवर मागच्या चाकावरच्या उड्या शिकणारा माणूस प्रामाणिकपणे कष्ट करूनही पुढे सरकत नाही आणि दोष स्वतःच्या वयाला देतो. मला या गोष्टीचे फार वाईट वाटते, कारण चाळिशीतला माणूस हे नक्की शिकू शकतो. जागेवर तोल सांभाळणे, पुढचे चाक उचलणे आणि फुटपाथच्या कडेवर चढणे एवढ्यापुरती एमटीबी योग्य आहे. तेवढे शिकण्यासाठी ती आहे तशीच वापरावी, फक्त ब्रेक नीट करून घ्यावेत आणि बाकीचे पैसे खऱ्या सायकलीसाठी राखून ठेवावेत. बंगळुरूची सायकल तपासणीत टिकली आणि सोबत एक तरी जादा मागचा टायर मिळाला, तर तुमच्या उंचीला ती चालेल. सीट नसण्याची भीती बाळगू नका. सरावात आपण उभेच असतो आणि बसायला दगड मिळतो.

सरावाच्या जागेबद्दलही लिहिते. पहिले काही महिने टेकडीवर जाण्याची गरजच नसते. औद्योगिक वसाहतींतून टाकून दिलेली लाकडी पॅलेट सहज मिळतात. त्यांतली मजबूत निवडून, वर आलेले खिळे ठोकून घेतले की एकावर चढण्यापासून सुरुवात करता येते आणि उंची आपल्या हातात राहते. खाली सिमेंटपेक्षा माती किंवा मुरूम असलेला बरा. पुढे वेताळ टेकडीवर किंवा तळजाईवर गेलात तर आपल्याकडचा काळा बेसाल्ट कोरडा असताना टायरला सुंदर पकडतो, पण जून ते सप्टेंबर त्याच्यावर शेवाळ असते आणि तेव्हा त्याच्या वाटेला जाऊ नये. टेकड्यांचा बराचसा भाग वन विभागाच्या ताब्यात आहे आणि सकाळी तिथे ज्येष्ठ नागरिक फिरायला येतात, तेव्हा कुठे सराव चालेल ते विचारून घ्यावे आणि मळलेल्या पायवाटेवर उड्या मारू नयेत. देवळांच्या आणि जुन्या वास्तूंच्या पायऱ्यांना तर चाक लावूच नये.

तळजाई_पहाट :

चेनस्टेचा मुद्दा मनीषाताईंनी अगदी योग्य मांडला आहे. 24 इंची नवी सायकल मागवणे हा तिसरा टप्पा ठेवावा, असे मीही म्हणेन. बंगळुरूची सायकल तपासणीत नापास झाली तरच तिचा विचार करावा.

वारजेकर, तुमच्या वजनाला मागच्या टायरमध्ये 20 ते 25 पीएसआय हवा पुरेल. त्याहून कमी ठेवलीत तर दगडाची कड आणि रिम यांच्यामध्ये ट्यूब चिमटली जाऊन पंक्चर होईल. सायकल आणायला जाण्याआधी हेल्मेट, सपाट आणि पकड असलेल्या तळव्यांचे बूट आणि नडगीची संरक्षके घेऊन ठेवा. फुटबॉलची संरक्षके पुढून ठीक असतात, पण पेडल निसटले की ते पोटरीवरही लागते, म्हणून पायाला सर्व बाजूंनी झाकणारी मिळाली तर तीच घ्या.

वारजेकर :

ठरले. येत्या शनिवारी बंगळुरूला जाऊन सायकल पाहतो. त्यांच्याकडे मागचा एक नवा टायर आहे, असे त्यांनी आजच फोनवर सांगितले; फ्रेमच्या जोडांची आणि रिमच्या कडेची छायाचित्रे मागवली आहेत, ती आली की इथेच टाकतो. कारागीर साहेबांनी कृपया त्यांवर एकदा नजर टाकावी.